यंत्राने जालन्याची मराठी ऐकावी म्हणून



जालन्यातील एखादा मुलगा ‘कॉम्प्युटरला जाणार’ म्हणाला की घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुण्याचे हिंजवडी उभे राहते. नोकरी, पगार, सदनिका. यात गैर काही नाही. ज्या जिल्ह्याने वारंवार दुष्काळ सोसला, तेथील पालक पगाराचा विचार आधी करणारच. परंतु संगणक चालविणे वेगळे आणि संगणकशास्त्रात संशोधन करणे वेगळे. त्या संशोधनाचा संबंध थेट जालन्याच्या शेतकऱ्याशी येतो.

शेतमालाचे बाजारभाव दूरध्वनीवर सांगणारी यंत्रणा सहा भारतीय भाषांत उभारण्याचा प्रकल्प केंद्र सरकारच्या साहाय्याने हाती घेण्यात आला होता. त्यातील मराठीचे काम मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी यांच्याकडे होते. शेतकऱ्याने पिकाचे व बाजाराचे नाव उच्चारावे आणि यंत्राने ते ओळखून भाव सांगावा, एवढीच कल्पना. त्यासाठी राज्यभरातील सुमारे 1500 मराठी भाषकांचे आवाज भ्रमणध्वनीवर मुद्रित करावे लागले. कोणी हरभरा म्हणतो, कोणी चणा. मागे वाहनांचा गोंगाट असतो. यंत्राला हे सारे शिकवावे लागते.

असेच काम जालन्याच्या अगदी जवळही झाले आहे. जिल्ह्यातील महाविद्यालये ज्याच्याशी संलग्न आहेत, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील संगणकशास्त्र विभागाच्या भारती गवळी, सुरेश मेहरोत्रा आदी संशोधकांनी 2011च्या सुमारास सुटे मराठी शब्द ओळखण्याच्या पद्धतीवर संशोधन प्रसिद्ध केले. एकच शब्द एक जण झरझर उच्चारतो, दुसरा संथपणे. दोन्ही उच्चार काळाच्या मापावर ताणून वा आखडून जुळवायचे, असे त्या पद्धतीतील एक गणित आहे. जालन्यापासून साठेक किलोमीटरवर झालेले हे काम जालन्यातील किती पालकांच्या कानी आले असेल?

आज केंद्राची ‘भाषिणी’ योजना (2022) आहे, बोलणारी यंत्रे घराघरांत आली आहेत. मात्र या यंत्रांना मिळणारी लिखित मराठी बहुतांशी पुस्तकी व वृत्तपत्री असते. मराठवाड्यात ‘काय करायलास?’ म्हणजे ‘काय करतो आहेस?’. पुस्तकावर पोसलेले यंत्र त्यातील ‘करायला’ म्हणजे ‘करण्यासाठी’ असे समजणार! शिवाय सव्वादोनशे वर्षांच्या निजामी राजवटीत उर्दू-दख्खनीचे कितीतरी शब्द येथील बोलीत मुरले. ही बोली टिपण्याचे काम बंगळुरूच्या वातानुकूलित दालनात बसून होणारे नाही. त्यासाठी अंबड-भोकरदनच्या पारावर बसणारा, बोली जाणणारा आणि संगणकशास्त्र शिकलेला विद्यार्थी हवा.

पोटापाण्याचा प्रश्न उरतोच. एम.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याला ‘नेट’ परीक्षेत संगणकशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे; कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास 2023पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. ती सर्वांना मिळत नाही, हे पालकांपासून लपविण्याचे कारण नाही. मात्र आरंभ करण्यास शिष्यवृत्तीची वाट पाहावी लागत नाही. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मोसंबीच्या बाजारात उभे राहून पन्नास शेतकऱ्यांचे बोलणे, त्यांच्या संमतीने, मुद्रित करावे आणि शब्दन् शब्द जसाच्या तसा लिहून काढावा. ‘करायलास’चे ‘करतोस’ मात्र करू नये.