चाक सरळ बसविण्याचे काम



काल या व्यासपीठावर संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या अर्थसंकल्पावर होणार आहे, आणि मध्येच आज आम्ही मोटारीच्या चाकांवर बोलावयास उभे आहो. कामगार चळवळीचा इतिहास वगैरे आम्ही सांगू, अशी चालकांची अपेक्षा होती. परंतु इतिहास सांगण्याइतके आम्ही शिकलेलो नाही. दहावीला नापास होऊन गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो. पुढचे शिक्षण दोन कपाटांतून झाले. एकात मोटारदुरुस्तीची पुस्तके, दुसऱ्यात कामगार कायद्याची. आजच्या विषयाला ही दोन्ही कपाटे एकदम उघडावी लागतील. आणि आम्ही म्हटले म्हणजे दर वेळी युनियनच समजू नये. पुष्कळदा ते एकटे आम्हीच असतो.

२०१७ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या युनियनचा एक तरुण सभासद रात्री घरी आला. एका मोठ्या वर्कशॉपात तो चाकांच्या अलाइनमेंटच्या यंत्रावर काम करी. हातात पगाराची चिठ्ठी होती. म्हणाला, "भाऊ, दोन टायरांचे पैसे माझ्या पगारातून कापायला लागलेत. तीन हप्ते पाडलेत." दोन टायरांची ती किंमत त्याच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास जात होती.

मोटार होती माझदा कंपनीची एमएक्स-५. दोन माणसांची, उघड्या टपाची, १९८९ साली प्रथम लोकांसमोर आलेली जपानी स्पोर्ट्स कार. माझदा हे नाव आपल्याकडे स्वराज माझदाच्या मालमोटारींमुळे ठाऊक. ही मोटार मात्र मालकाबरोबर परदेशातून आलेली. मालक हौशी आणि जाणकार. कारखान्याने ठरवलेल्या आकड्यांऐवजी आपल्या गाडीला आपले आकडे हवेत म्हणून एप्रिलमध्ये त्यांनी एक चिठ्ठी दिली होती: पुढचा कॅम्बर उणे १ अंश, मागचा उणे दीड, कॅस्टर ५ अंश, पुढचा टो शून्य, मागचा किंचित आत. काम झाले, छापील कागद मिळाला, कागदावर सगळे आकडे हिरवे. आणि जुलैत ताम्हिणीच्या घाटात ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताच गाडीची शेपटी बाहेर गेली. मालक दरीच्या बाजूला नव्हते म्हणून वाचले. गाडी वर घेऊन पाहिली तर चार हजार किलोमीटरांत मागच्या दोन्ही टायरांची आतली कड झिजून तारा दिसत होत्या. वर्कशॉपने चौकशी केली नाही. कागदावर ज्याचे नाव, त्याच्या पगारातून पैसे.

हे शब्द काही जणांना नवे असतील, म्हणून थोडे थांबतो. टो म्हणजे पायाचा चवडा. माणूस चवडे आत वळवून चालतो किंवा बाहेर फाकून चालतो, तशी चाकेही. कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाकाचे उभे कलणे. वरची कड आत कलली की उणे म्हणावयाचे. कॅस्टर समजावयास सायकल पाहावी. सायकलीचा पुढचा दांडा सरळ उभा नसतो, तिरपा असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ धावते. मोटारीतही तोच तिरपेपणा लपलेला असतो. स्टिअरिंग आपोआप सरळ येते ते त्याच्यामुळे.

आकडे लहान दिसतात, पण त्यांचा हिशेब करून पाहावा. अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक कला. चाक दहा कला तिरपे असेल, तर दर किलोमीटरमागे ते सुमारे तीन मीटर बाजूला जाऊ पाहते. जोडीचे चाक त्याला जाऊ देत नाही, म्हणून रबर रस्त्यावर घासले जाते. मागची चाके बाहेर फाकलेली असतील तर याहून वाईट गोष्ट होते. ब्रेक लागला, वजन पुढे गेले, मागची बाजू हलकी झाली, की ती चाके गाडीला सरळ धरून ठेवण्याऐवजी फिरवू लागतात. म्हणून मागचा टो थोडा आत ठेवावयाचा असतो. घाटात जे झाले ते याच कारणाने.

आता कामगाराची बाजू. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक लहान गाड्यांत मागचा आस एकसंध असतो, तेथे फिरवण्याजोगा बोल्टच नसतो. पुढेही बहुधा फक्त टो बदलता येतो. म्हणजे दिवसाला वीस गाड्या करणारा कुशल कामगार वर्षानुवर्षे टाय रॉडचे दोन नट फिरवीत असतो. अर्धा तास एका गाडीला, तसा फलकच भिंतीवर. या जपानी गाडीला मात्र चारही चाकांना दोन-दोन दांड्यांची रचना, आणि खालच्या दांड्याच्या मुळाशी दर चाकाला दोन असे एकूण आठ बोल्ट, ज्यांच्या चकत्या मध्याबाहेर असतात. बोल्ट फिरवला की दांड्याचे मूळ आत-बाहेर सरकते. यातली खुबी अशी की एक गोष्ट एकटी हलत नाही. मागच्या चाकाचा एक बोल्ट फिरवून कॅम्बर सुधारावा, तर टो बिघडतो. दोन्ही फिरवीत, मोजीत, पुन्हा फिरवीत जावे लागते. हे त्या मुलाला कुणी शिकवले नव्हते, आणि वेळ दिला होता तोच अर्धा तास.

अशा प्रकरणात आमचा सभासद निर्दोष आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. आम्ही त्याला समोर बसवून विचारले, खरे काय झाले ते सांग. त्याने सांगितले. त्याने आधी मागचा टो बरोबर केला, मग कॅम्बर चिठ्ठीप्रमाणे येईना म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक बोल्ट सारखाच फिरवला, मोजणी जुन्याच पानावर ठेवली, कागद छापला आणि नट नंतर कसले. पुढची गाडी दारात हॉर्न देत होती. म्हणजे चूक त्याच्या हातून झाली होती. हे आम्ही युनियनच्या सभेतही बोलून दाखवले आणि काही सभासदांचा रागही ओढवून घेतला. दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्याने गाडी सरळच धावत होती, स्टिअरिंगही सरळ होते. म्हणून चार हजार किलोमीटर कुणाला शंका आली नाही.

पण त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. पुढच्या उजव्या चाकाचा एक बोल्ट गंजून बुशाच्या नळीत धरला होता, फिरेना. त्याने वरच्याला सांगितले. वरचा पडद्याकडे बघून म्हणाला, "हिरवा आहे ना? सोड मग." आमच्या मते सगळे प्रकरण या पाच शब्दांत आहे. पडद्यावरचा हिरवा रंग म्हणजे कारखान्याने दिलेल्या मर्यादेच्या आत, एवढाच त्याचा अर्थ. ती मर्यादा रुंद असते. डावे चाक तिच्या एका टोकाला आणि उजवे दुसऱ्या टोकाला असले तरी दोन्ही हिरवे; आणि गाडी मात्र कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. शिवाय ही मर्यादा कारखान्याची, मालकाच्या चिठ्ठीतली नव्हे. चिठ्ठीतले आकडे यंत्रात भरण्याची सोय असते, पण ती कोठे आहे हेही मुलाला ठाऊक नव्हते.

आम्ही व्यवस्थापकांना पत्र दिले. मागणी एकच केली: मालक, व्यवस्थापक आणि युनियन यांच्यासमोर हेच काम पुन्हा व्हावे, आणि किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. व्यवस्थापक नाखूश होते. मालक तयार झाले, म्हणून त्यांनाही व्हावे लागले. आमच्याकडून एक निवृत्त मिस्त्री आले. त्यांच्या पिशवीत दोरी, गवंड्याचा ओळंबा आणि पोलादी पट्टी. ते पाहून वरचे साहेब हसले. मिस्त्री काही बोलले नाहीत. आदल्या संध्याकाळीच येऊन त्यांनी गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून ठेवले होते.

सकाळी साडेनऊला सुरुवात झाली. पहिला तास त्यांनी पान्याला हातच लावला नाही. चारही टायरांतली हवा सारखी केली. टाकी अर्धी आहे ना ते पाहिले. चाके हलवून बेअरिंग, बॉल जॉइंट, बुश तपासले. जे ढिले आहे त्याचे माप घेऊन उपयोग काय? मग मालकांना वजन विचारले आणि तेवढ्या वाळूच्या पिशव्या चालकाच्या जागेवर ठेवल्या. मालक म्हणाले, "अहो मिस्त्री, हे कशाला?" मिस्त्री म्हणाले, "गाडी तुम्ही बसून चालवता ना?" एवढ्या हलक्या गाडीत एक माणूस बसला तरी ती खाली दबते, आणि दबली की कॅम्बर बदलतो.

नंतर दोन्ही अंगांना दोऱ्या ताणल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी सारखी नसते, तो फरक धरून दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेला समांतर केल्या. रिमची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून किती दूर, ते पट्टीने मोजले. चौदा इंची रिमवर एका मिलिमीटरचा फरक म्हणजे नऊ-दहा कला. मागचे प्रत्येक चाक जवळजवळ दोन मिलिमीटर बाहेर फाकलेले निघाले. मग यंत्र लावले. त्याने अठरा कला दाखवल्या. साहेबांचे हसणे तेथे थांबले. यंत्र खोटे नव्हते, हे आम्ही आवर्जून सांगतो. यंत्र दोरीपेक्षा बारीक मोजते आणि लवकर मोजते. त्याला विचारले नाही तर ते सांगत नाही, इतकेच.

काम मागून पुढे चालले, कारण गाडी कोणत्या रेषेवर धावणार ते मागची चाके ठरवतात. आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, पुन्हा कॅम्बर, पुन्हा टो. पान्याचा एक झटका आणि तीन वेळा मोजणी, असे दोन तास. मुलगा शेजारी बसून आकडे वहीत लिहीत होता. एकदा त्याने विचारले, "काका, आता बरोबर आलं, कसू का?" मिस्त्री म्हणाले, "कस पोरा, आणि कसून झाल्यावर काय राहतंय ते वाच." कसल्यावर चार कला सरकले. पुन्हा ढिले केले, त्या चार कला आधीच उलट धरल्या आणि कसले. तेव्हा मागचे प्रत्येक चाक सहा कला आत येऊन स्थिर झाले.

पुढचा गंजलेला बोल्ट तेलालाही बधला नाही. तो करवतीने कापावा लागला, त्यात दीड तास गेला. मालकांनी नवा बोल्ट परदेशातून आणून ठेवला होता म्हणून निभावले. मग पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवीत कॅस्टर मोजला, नंतर कॅम्बर, आणि स्टिअरिंग सरळ अडकवून सर्वांत शेवटी टो. मग पिशव्या काढल्या, मालक स्वतः बसले, दहा किलोमीटर फिरून आले आणि पुन्हा सगळे मोजले. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. जेवणाचा अर्धा तास वगळा.

या निमित्ताने एक गोष्ट पुस्तकात वाचली. वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे ही युक्ती म्यूनिकच्या लांकेनस्पर्गर नावाच्या गाडी करणाऱ्या कारागिराची, १८१७ सालची. लंडनमध्ये त्याच्या वतीने पेटंट घेतले आकरमन नावाच्या गृहस्थांनी, १८१८ साली. आज जगभर त्या रचनेला आकरमनचे नाव आहे. आम्हाला याचे फारसे आश्चर्य वाटले नाही.

पुढे वाटाघाट झाली. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्यात नुकसानीपोटी कपातीला जागा होती, पण कामगाराची हयगय थेट दिसली पाहिजे आणि कपातीआधी त्याला कारण दाखवण्याची संधी दिली पाहिजे, अशी अट होती. संधी दिलीच नव्हती. व्यवस्थापकांनी ते मान्य केले. कापलेला पहिला हप्ता परत मिळाला, पुढचे दोन रद्द झाले. टायरांचा खर्च वर्कशॉप आणि मालक यांनी वाटून घेतला. मालकांनी थोडी कुरकुर केली. दिवसभराच्या कामाचे दर ऐकून त्यांनी जास्त कुरकुर केली! एवढ्या मोलाची गाडी बाळगणारा माणूस मिस्त्रीच्या दिवसाला महाग म्हणतो, ही आमची जुनी ओळखीची गोष्ट आहे. पण दिले, हेही सांगितले पाहिजे. आणि तोच मुलगा पुन्हा आपल्या गाडीला हवा, असे त्यांनी लिहून दिले.

लेखी करारात तीन गोष्टी आल्या. वेगळे आकडे मागणाऱ्या गाडीला अर्धा दिवस धरावा. कागद नट कसल्यावरच छापावा. आणि बोल्ट फिरत नसेल तर कामगाराने कागदावर 'काम अपुरे' असे लिहावे आणि त्याखाली वरच्याने सही करावी. तिसऱ्या कलमावर सर्वांत जास्त वाद झाला, कारण सही करावयास कुणी तयार नव्हते.

तो मुलगा आज दुसऱ्या शहरात स्वतःचे लहान दुकान चालवतो. यंत्र हप्त्यांवर घेतले आहे, दोरी खिळ्याला टांगलेली आहे. त्या जुन्या वर्कशॉपात नंतर नवे यंत्र आले, कॅमेऱ्यांचे, पूर्वीपेक्षा बारीक मोजणारे. त्याच्याबरोबर भिंतीवर नवा फलकही आला. त्यावर एका गाडीला वीस मिनिटे लिहिली आहेत. आम्ही पत्र दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.