नकाशा वाचता येतो का?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझ्या वाट्याला आलेला विषय ऐकून काहीजणींना नवल वाटलं असेल. नोकरी करणाऱ्यांसाठी अर्बन डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण! मारहाण, पोटगी, रेशन या आपल्या रोजच्या प्रश्नांत हे कुठून आलं? काही वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं. म्हणून आधी एक अनुभव सांगते.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी वस्तीत काम करू लागले. आमची बालवाडी आणि बचतगट जिथे चालतात, त्या वस्तीत सार्वजनिक संडास मंजूर झाला. बायकांनी पाच वर्षं अर्ज केले होते. बांधून झाला तेव्हा लक्षात आलं, बायकांच्या बाजूचं दार थेट नाक्याकडे उघडतं. नाक्यावर पानाची टपरी, तिथे रात्रीपर्यंत पुरुष उभे. आत पाणी होतं, दिवा होता, कडीही लागत होती. तरी अंधार पडल्यावर बायका जाईनात. मुली दुपारनंतर पाणी पिणं टाळू लागल्या.

आम्ही दहाजणी वॉर्ड ऑफिसात गेलो. साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला. म्हणाले, "हा नकाशा सभेत फिरवला होता. खाली सही तुमचीच आहे. तेव्हा का बोलला नाहीत? मॅडम, नकाशा वाचता येतो का तुम्हाला?"

सही माझीच होती. नकाशावर दार म्हणजे भिंतीतली एक फट आणि पाव वर्तुळाची बारीक रेघ. दार कोणत्या बाजूला उघडतं, हे ती रेघ सांगते. मला ते माहीतच नव्हतं. मी गप्प बसले. बचतगटातल्या मावशी मात्र म्हणाल्या, "साहेब, आम्हाला नकाशा येत नाही. पण दार कुठं पाहिजे ते येतंय."

त्या रात्री मला फार लाज वाटली. मावशींना जे कळत होतं ते कागदावर आणणं हे माझं काम होतं, आणि माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणात ते कुठेच नव्हतं. उलट, ज्याला रेघा काढता येत होत्या त्याच्या शिक्षणात मावशी नव्हत्या.

आता अर्बन डिझाइन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. शहरातली कुठली जमीन घरांना, कुठली शाळेला, कुठली रस्त्याला, हे नगर नियोजन ठरवतं. एकेका घराची रचना वास्तुविशारद करतो. या दोहोंच्या मधलं जे उरतं, म्हणजे फुटपाथ, बसस्टॉप, चौक, बाग, कुंपण, दिव्याचा खांब, ते एकमेकांशी कसं जुळवायचं याचा विचार म्हणजे अर्बन डिझाइन. आपण घराबाहेर पाऊल टाकतो ते या 'मधल्या' जागेत. छेडछाड तिथेच होते. भाजीही तिथेच विकली जाते आणि मूल कडेवर घेऊन बसची वाटही तिथेच पाहावी लागते.

मग मी हे शिकायचं ठरवलं आणि चौकशी सुरू केली. अर्बन डिझाइनमध्ये एम.आर्क. करायचं तर आधी बी.आर्क. हवं. नगर नियोजनाच्या एम.प्लॅन.ला काही ठिकाणी अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्रात एम.ए. झालेल्यांना घेतात. माझी पदवी मी विचारलेल्या यादीत नव्हती. आणि वर्ग दोन वर्षं, पूर्ण वेळ, सकाळी सुरू होणारे. एका ठिकाणच्या बाई आपुलकीनेच म्हणाल्या, "नोकरी सोडा ना दोन वर्षं." माझ्या पगारावर घराचं भाडं आणि आईचं औषध चालतं. नोकरी सोडून दोन वर्षं शिकणं कोणाला परवडतं, याचं उत्तर त्या वर्गात कोण बसलंय ते पाहिलं की मिळतं.

नोकरी सांभाळून हे शिकवताच येत नाही, असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये अनेक विद्यापीठांत अर्बन डिझाइनची एम.ए. पूर्ण वेळ एका वर्षात करता येते, नाहीतर अर्धवेळ, कामावर राहून, दोन किंवा जास्त वर्षांत. अमेरिकेत सात स्त्रियांनी १९७४ साली स्त्रियांसाठी नियोजन आणि वास्तुकलेची शाळा काढली. तिचं पहिलं सत्र १९७५च्या उन्हाळ्यात मेन राज्यात झालं, दोन आठवड्यांचं. वर्षभर काम करणाऱ्या बायकांनाही येता यावं, असं. पुढे १९८१पर्यंत वेगवेगळ्या गावी तिची सत्रं झाली.

आणि जेन जेकब्स! न्यूयॉर्कला स्टेनोग्राफरची नोकरी करून, लेख लिहून पोट भरणारी ही बाई कोलंबिया विद्यापीठाच्या बहिःशाल वर्गांत दोनेक वर्षं शिकली. पदवी घेतली नाही. हार्वर्डमध्ये १९५६ साली अर्बन डिझाइनवर परिषद भरली, तेव्हा आपल्या संपादकाच्या ऐवजी ती बोलायला उभी राहिली. तिचं म्हणणं होतं, वस्ती पाडून नवे टॉवर बांधताना तुम्ही कोपऱ्यावरची दुकानं पुसून टाकता, आणि त्यांच्याबरोबर माणसांचं एकमेकांशी असलेलं नातंही. १९६१ साली तिचं पुस्तक आलं आणि या विषयाची भाषाच बदलली. रस्त्यावर माणसांचे डोळे असले की रस्ता सुरक्षित राहतो, हा तिचा विचार आज प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवतात. तिला स्वतःला मात्र आपल्याकडच्या एम.आर्क.ला प्रवेश मिळाला नसता!

आपल्याजवळचंही एक उदाहरण आहे. १९८०च्या दशकात मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायका 'महिला मिलन'मध्ये एकत्र आल्या. 'स्पार्क' संस्थेच्या मदतीने त्यांनी आपल्या घराचा विचार केला, मापं घेतली, खऱ्या आकाराचे नमुने उभे करून प्रदर्शन भरवलं. त्यांची खोली चौदा फूट उंचीची होती, म्हणजे आत पोटमाळा निघतो आणि तेवढ्याच जागेत झोपायला दुसरी जागा मिळते. हे त्यांना कुठल्या कॉलेजने शिकवलं नव्हतं. फुटपाथवरच्या संसाराने शिकवलं होतं.

असं ज्ञान शहर चालवणाऱ्यांच्या हाती पद्धतशीर पोचलं तर काय होतं, ते ऑस्ट्रियात व्हिएन्नाला दिसलं. तिथे १९९०च्या दशकात पाहणीत आढळलं की नवव्या-दहाव्या वर्षानंतर मुली बागेत येईनाशा होतात, मुलगे येत राहतात. बागेतली मोकळी जागा मुलांच्या चेंडूने व्यापलेली. मग काही बागांमध्ये मोठ्या मैदानाचे भाग केले, वाटा केल्या, दिवे लावले, बसायला जागा केल्या. मुली परतल्या. पालिकेत स्त्रियांचं कार्यालय होतं आणि त्यात नियोजन शिकलेली बाई होती, म्हणून हा प्रश्न विचारला गेला.

म्हणून माझं म्हणणं असं, की कामकरी स्त्रियांसाठी हे शिक्षण उघडावं ही आपल्या चळवळीची मागणी झाली पाहिजे. पाच गोष्टी मागूया.

एक, प्रवेशासाठी वास्तुकलेच्या पदवीची सक्ती नसलेले अभ्यासक्रम हवेत. समाजकार्य, आरोग्य, शिक्षण, कायदा या क्षेत्रांत काही वर्षं काम केलेलीला प्रवेश हवा. रेखाटन शिकवायला सुरुवातीचं एक सत्र द्यावं.

दोन, वर्ग शनिवार-रविवारी किंवा तुकड्या-तुकड्यांनी असावेत. संध्याकाळचे वर्ग म्हणजे सोय, असं पुरुषांना वाटतं. संध्याकाळी आपली दुसरी पाळी सुरू होते, आणि रात्री साडेनऊला सुटून घरी यायचं ते याच अंधाऱ्या रस्त्याने.

तीन, पाळणाघर आणि हप्त्यांची फी.

चार, आपली नोकरी हेच फील्डवर्क मानावं. समाजकार्याच्या शिक्षणात वर्गाच्या बरोबरीने आठवड्यातले ठरलेले दिवस वस्तीत काढावे लागतात. हीच पद्धत इथे आणता येईल.

पाच, वस्तीतल्या बायका केवळ माहिती देणाऱ्या नसाव्यात. त्यांना शिकवणाऱ्या म्हणून बोलवावं, मानधन द्यावं. नाहीतर मावशींचं ज्ञान माझ्या प्रबंधात जाईल, पदवी मला मिळेल आणि दार नाक्याकडेच उघडत राहील. हा धोका आपल्यासारख्या शिकलेल्यांकडूनच जास्त आहे.

हे होईपर्यंत थांबायचं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करावा लागतो आणि कोणीही नागरिक मुदतीत हरकती-सूचना देऊ शकतो. मुंबईचा आराखडा २०१५ साली लोकांच्या ओरडीनंतर मागे घेऊन पुन्हा करावा लागला. त्या काळात स्त्री-संघटनांनी अभ्यास करून मागण्या मांडल्या. २०१८ साली मंजूर झालेल्या आराखड्यात नोकरदार स्त्रियांची निवासस्थानं आणि आधार केंद्रं यांसाठी आरक्षणं आहेत. आरक्षण कागदावरचं आहे, ते उभं करून घ्यायचं काम उरलंच आहे. पण कागद वाचणाऱ्या बायका होत्या, म्हणून ते कागदावर तरी आलं.

मी अजून पदवी घेतलेली नाही. एका वास्तुविशारद मैत्रिणीकडून दर रविवारी नकाशा वाचायला शिकते आहे. आता बचतगटातल्या सहाजणीही येतात. प्रमाण काय, उत्तर कुठे, दार कुठे, हे आम्ही खडूने जमिनीवर काढून पाहतो. संडासापुढे आडवी भिंत बांधून घेण्याचा अर्ज आम्ही दिला आहे. या वेळी सोबत नकाशा जोडलाय. तो मावशींनी सांगितला आणि मी काढला. सही दोघींची आहे.