कर्करोगातून उठलेल्या माणसाचे पुढे काय?



महोत्सवाच्या दिवशी दुखण्याचा विषय कशाला काढला, असे आपणांपैकी कित्येकांच्या मनात येईल. परंतु आम्हांस बोलावयाचे आहे ते मरणाविषयी नसून जगण्याविषयी आहे. सबब आपण घटकाभर लक्ष द्यावे.

पोलादपूर तालुक्यातील कापडे गावी आम्ही मध्यंतरी एका गृहस्थांच्या समाचारास गेलो होतो. कर्करोगामुळे त्यांचे स्वरयंत्र मुंबईस शस्त्रक्रियेने काढून टाकले होते आणि श्वासाकरिता गळ्यास छिद्र ठेविले होते. व्याधी हटली होती. तथापि घरात त्यांचा पेला निराळा, ताट निराळे, अंथरूण पडवीत. आणि आम्ही तरी काय केले? जे विचारावयाचे ते त्यांच्या पत्नीस विचारले; तेही हलक्या आवाजात, सुतकाच्या घरी बोलावे तसे. तेव्हा त्या गृहस्थांनी पाटी ओढून घेतली व तीवर लिहिले, ‘मला ऐकू येते.’ आमची मान खाली गेली.

कर्करोग हा स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही, हे आम्हांस ठाऊक असूनही त्या घरी सांगण्याचे सुचले नाही.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले. तेथील शल्यवैद्य डॉ. लुईस डिसोझा यांनी 1986 साली वांद्र्यास मोतमाउलीच्या मंदिरानजीक ‘शांती आवेदना सदन’ स्थापिले. ज्यांचा रोग उपायांपलीकडे गेला अशांची शुश्रूषा होली क्रॉसच्या भगिनी तेथे विनामूल्य करितात. या प्रकारचे हे भारतातील पहिले गृह. त्या सेवेविषयी आपणां सर्वांस आदर आहे. पण त्या आदरातूनच, कर्करोग्यास द्यावयाचे ते सांत्वन, अशी आपली समजूत होऊन बसली की काय, अशी आम्हांस शंका येते. जो बरा होऊन घरी आला त्याला आवाज हवा, हात हवा, काम हवे.

2021 च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. तेव्हापासून ‘पुनर्वसन’ हा शब्द या भागात घरोघर माहीत आहे. देहाचेही तसेच पुनर्वसन करावे लागते. स्वरयंत्र गेलेला मनुष्य अन्ननलिकेत हवा घेऊन ती बाहेर सोडीत बोलण्यास शिकू शकतो; कित्येकांस श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये लहानशी झडप बसवितात. धूळ व चुलीचा धूर यांसाठी छिद्रावर पातळ कापड असावे. अशा माणसाने सावित्रीच्या काय, कोणत्याही डोहात उतरू नये. नाक पाण्यावर राहिले तरी श्वास गळ्यातून असल्याने तो बुडेल.

तंबाखू-मिश्रीने तोंडाचा कर्करोग झालेल्यांचा जबडा किरणोपचारानंतर आखडतो. त्यास आइस्क्रीमच्या चपट्या काड्या दातांमध्ये धरून, सांगितल्याप्रमाणे एकेक वाढवीत, तोंड उघडण्याचा व्यायाम असतो. साधाच, पण तो दिवसातून अनेकदा करावयाचा असतो आणि दुखतो, म्हणून आठवण देणारे कोणी जवळ नसले की सुटतो. मग भाकरीचा घास आत जाईना. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असता हात सुजण्याचा संभव असतो. पूर्वी अशा स्त्रियांस जन्मभर ओझे उचलू नका असे सांगत. आता, माहितगाराच्या देखरेखीखाली हळूहळू वाढविलेला व्यायाम निर्धोक ठरला आहे. विळ्याने कापले तर मात्र जखम लागलीच धुवावी, आणि हात लाल होऊन ताप आल्यास वैद्य गाठावा.

1951 साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने परळ येथे रुग्णांना कामधंद्यास लावण्याकरिता केंद्र चालविले. पण कापड्याहून परळ दूर. एका खेपेस दोन दिवसांची रोजी बुडते, आणि सोबतीचीही. आपल्यापैकी मुंबईस ज्यांचे बिऱ्हाड आहे त्यांनी रात्रीपुरती जागा दिली, तर कित्येकांची पुढील तपासणी चुकणार नाही.

त्या गृहस्थांच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. व्यायामाचा कागद इंग्रजीत असल्याने फडताळात तसाच पडून होता. तो मराठीत करून दिला आणि एकाने त्यांच्यासोबत मुंबईस जाण्याचे पत्करले. बरेच महिने गेले. अलीकडच्या भेटीत, गळ्यास पांढरा रुमाल बांधून ते ओटीवर बसले होते. एकेक शब्द तोडीत, घोगऱ्या स्वरात त्यांनी विचारले, ‘चहा घेणार ना?’ त्यांच्या पत्नीने पेले आणले; त्यांचा कोणता व आमचा कोणता हे ओळखता येत नव्हते.