आईबाप असूनही पोरकी

ज्यांच्याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे, त्यांना हे भाषण ऐकू येणार नाही. यास्तव ज्यांना ऐकू येते, त्यांची जबाबदारी अधिक आहे.

पांढुर्णा आणि सौसर येथील लोकांना भाषेची महती निराळी सांगावयास नको. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी बोलणारा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली या दोन तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी घरी मराठी आणि शाळेत हिंदी हा क्रम चालूच आहे. ही ओढाताण खरी. परंतु येथील मूल शाळेचा उंबरठा ओलांडते तेव्हा निदान घरची एक भाषा त्याच्या गाठीस असते. आता ज्याच्याजवळ शाळेचीही भाषा नाही आणि घरचीही नाही, अशा मुलाची कल्पना करा. जन्मतः बहिऱ्या मुलाची स्थिती नेमकी अशी असते.

अशी बहुतेक मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मास येतात. मातृभाषा कानावाटे येते, आणि येथे तर ती वाटच बंद! मग मायलेकरांत काही खाणाखुणा ठरतात. त्यांनी भूक, तहान कळते. परंतु ‘उद्या’, ‘का’, ‘आजोबा कोठे गेले’ हे कळत नाही. आईबाप असूनही असे मूल एका अर्थी पोरकेच असते. आणि दैवाने आई खरोखरीच हिरावून नेली, तर तिच्याशी जुळलेल्या त्या चार खुणाही तिच्याबरोबर जातात.

1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई आपल्या या जुन्या मध्य प्रांतात आल्या आणि निराधार मुलींना घेऊन गेल्या, हे पुष्कळांस ठाऊक असेल. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. अंध मुलीपाशी भाषा होती. तिला केवळ अक्षरे हवी होती. बहिऱ्या अनाथ मुलास मात्र अक्षरांच्याही आधी भाषाच द्यावी लागते. हे काम त्याहून बिकट आहे.

तेही प्रथम अंगावर घेणाऱ्यांत ख्रिस्ती मिशनरी होते. मुंबईची बहिऱ्या मुलांची पहिली शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली. 1897 साली दक्षिणेस पालयंकोट्टै येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन या इंग्रज बाईंनी शाळा काढली. परंतु 1880 साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने, बहिऱ्यांना ओठांवरून बोलणे ओळखण्यास आणि तोंडाने बोलण्यासच शिकवावे, खुणांची भाषा वर्ज्य करावी, असा ठराव केला होता. त्यापायी जगभर कित्येक पिढ्यांचे हात शाळेत बांधल्यासारखे झाले.

ही कोंडी फोडणाऱ्यांपैकी एक पुरुष स्वतःच बहिरा होता. अँड्र्यू फॉस्टर हा अमेरिकेतील अलाबामाचा कृष्णवर्णीय मुलगा. अकराव्या वर्षी मेंदूज्वराने तो आणि त्याचा धाकटा भाऊ दोघेही बहिरे झाले. वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या बधिरांच्या महाविद्यालयातून 1954 साली पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. 1956 साली त्याने आफ्रिकेतील बधिरांसाठी मिशन स्थापिले आणि 1957 साली, घाना स्वतंत्र झाला त्याच वर्षी, आक्रा येथे शाळा काढली. 1987 साली रवांडात विमान-अपघातात मृत्यू येईतो त्याने आफ्रिकेतील अनेक देशांत तीसहून अधिक शाळा उभ्या केल्या. बायबल बधिरांपर्यंत पोहोचावे हा त्याचा हेतू होता. तो त्याने कधी लपविला नाही. परंतु शिक्षकच बहिरा आहे, तो वाचतो, लिहितो, विनोद करतो, हे पाहून आईबापांना आपल्या मुलाविषयी प्रथमच जी आशा वाटली असेल, ती कोणत्याही एका धर्माची मालमत्ता नव्हे.

तथापि या कार्यासही एक उणी बाजू आहे. घानातील आदामोरोबे या गावी पिढ्यान्‌पिढ्या बरीच माणसे बहिरी जन्मास येत, आणि त्या गावाने स्वतःची खुणांची भाषा घडविली होती. ती ऐकू येणाऱ्यांनाही येत असे. तेथील मुले दूरच्या वसतिशाळेत जाऊ लागली आणि तेथे अमेरिकन वळणाच्या खुणा शिकली. गावची भाषा मागे पडू लागली. घरची भाषा शाळेच्या दाराशी ठेवावी लागणे म्हणजे काय, हे सौसरच्या माणसास कोणी समजावून सांगावयास नको!

या सर्वांतून आपण घ्यावयाचा बोध साधा आहे. मूल सहा महिन्यांचे झाले आणि पाठीमागे थाळी वाजविली तरी मान वळवीत नसेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून वाट पाहू नये. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचे कान तपासण्याची सोय आहे. यंत्राचा उपयोग होत असेल तर ते अवश्य बसवावे; परंतु त्यासाठी खुणांची भाषा थांबवून ठेवू नये. दिल्लीस 2015 साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राने दहा हजार शब्दांचा कोश सिद्ध केला आहे. तो मुलाने शिकावा, आणि आईने, आजीने, शेजारच्या पोरांनीही शिकावा. आणि अशा मुलास ‘मुके’ म्हणू नये. त्याला बोलावयाचे असते. त्याच्याशी त्याच्या भाषेत कोणी बोललेले नसते, एवढेच.

अनाथास आश्रय देणारी घरे मिशनऱ्यांनी बांधली, रमाबाईंनी बांधली. ज्यांना घर आहे, आईबाप आहेत, त्या मुलांना केवळ भाषेवाचून पोरके ठेवणे किंवा न ठेवणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.