दुसऱ्या टोकाचा डाख

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. २०२५ साली मेट्रोची पिवळी मार्गिका तेथवर पोहोचली. सरकारी नोकरीनिमित्त त्या परिसरात राहत असता मी फावल्या वेळी एक लहानसे यंत्र बांधले. सीडीवरील आकड्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करावे, एवढेच त्याचे काम. आईच्या जात्यावरच्या ओव्या एका सीडीवर उतरवून ठेवलेल्या होत्या. आई आता नाही. त्या ओव्या स्वच्छ ऐकाव्यात, ही इच्छा.

सीडीवर डाव्या व उजव्या अशा प्रत्येक बाजूची सेकंदाला ४४,१०० मोजमापे असतात. सोनी आणि फिलिप्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एस/पीडीआयएफ पद्धतीत ती एकाच तारेतून सेकंदाला २८,२२,४०० बिटांच्या वेगाने धावतात. भजनात गाणाऱ्यानेच टाळ धरावा, तसे त्या प्रवाहात शब्द आणि ताल एकत्र असतात. ताल हुकला की शब्दही हरपले.

यंत्र सुरू केले. आईचा आवाज आला. परंतु ओवी अर्ध्यावर तुटे, खरखर होई आणि मग शांतता पसरे. सीडीच खराब झाली, असे वाटून मन खिन्न झाले. पण तीच सीडी प्लेअरला कर्णफोन लावून ऐकली, तेव्हा निर्दोष वाजली. म्हणजे दोष माझ्या जोडणीत होता!

तो कसा घडला, ते सांगतो. अॅम्प्लिफायर बांधताना मी एक नियम शिकलो होतो : घरघर टाळण्यासाठी तारेवरील जाळीचे कवच एकाच टोकाला जोडावे. त्या तारेच्या पोटात जाण्याची व येण्याची अशा दोन तारा असतात. कवच केवळ राखण करते. येथील तारेत मात्र गाभ्याची तार एकच. परतीची वाट म्हणजे ते कवचच! मी ते एका टोकाला मोकळे ठेवून परतीची वाटच तोडली होती.

कवचाला दुसऱ्या टोकासही डाख दिला. शिवाय तार ७५ ओहमची घेतली आणि ग्राहक टोकाला गाभा व कवच यांच्यामध्ये ७५ ओहमचा रोधक बसविला. तो नसेल, तर काठावर आपटून परतणाऱ्या लाटेप्रमाणे विद्युत्-तरंग मागे फिरतात आणि नव्या तरंगांत मिसळून ताल बिघडवितात.

आम्हा कचेरीतल्या माणसांना नियम पाठ असतात. तो कशासाठी केला, हे विचारण्याचे मात्र राहून जाते. माझ्या हातून तेच झाले होते.

त्या रात्री ओवी अखंड वाजली. आई मध्येच थांबली, तेव्हा जात्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. ती घरघर मात्र मला हवी होती.