दुबार पेरणीच्या आधी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्ष ताई म्हणाल्या, आज लॅपटॉपवर बोला. तुमच्यातल्या निम्म्या जणी लगेच म्हणाल्या, ते काम लेखापालाचं, आम्हाला काय करायचंय? पण त्या डब्यात तुमचाच हिशेब आहे. आणि तो हिशेब माझ्या हातून एकदा पुसला जाता जाता राहिला. तेच सांगते.

आपला लॅपटॉप जुना. त्याची मोठी बॅटरी कधीच मेलेली, चार्जर लावला तरच चालणारा. गेल्या काही महिन्यांपासून त्यावरचं घड्याळ चुकत होतं. सकाळी चालू केला की तारीख कित्येक वर्षं मागची. बँकेचं पान उघडायला गेलं की 'जोडणी सुरक्षित नाही' असं यायचं. आम्ही तारीख नीट करायचो आणि पुढं जायचो. हीच पहिली चूक. दुखणं सांगत होतं, आम्ही ऐकलं नाही.

एका सोमवारी लॅपटॉप चालूच होईना. काळा पडदा आणि त्यावर एक ओळ : चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. मी म्हटलं, विंडोज गेलं. नवीन टाकायचं. मी शिकलेली ना! दुसऱ्या संगणकावरून आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज १० उतरवून घेतलं, पेन ड्राइव्ह लावला, सुरू केलं. भाषा निवडली, अटी मान्य केल्या, डिस्क निवडायच्या पानावर आले आणि तिथंच अडलं. खाली संदेश : ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, हिच्यावर विंडोज बसवता येत नाही. पुढं जायचं बटण फिकट झालेलं.

दोनदा केलं, तीनदा केलं. तेच. मग मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात म्हणत होते, सगळे भाग डिलीट करा, मग बसतं. डिलीटचं बटण समोरच होतं. माझं बोट तिथं गेलेलं.

शेजारी आपल्या लेखापाल ताई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, ते पुसल्यावर माझ्या नोंदी कुठं राहणार?"

मी थांबले. रजिस्टरं होती, पण समुदाय गुंतवणूक निधीचं कुणाकडून किती येणं, व्याज किती, हे तक्ते फक्त लॅपटॉपवर. पेन ड्राइव्हवरची शेवटची प्रत चार महिन्यांपूर्वीची. त्या चार महिन्यांत किती जणींनी हप्ते भरले! एखादीनं शेळी विकून भरलेला हप्ता नोंदीतून गेला असता, तर तिला काय तोंड दाखवलं असतं मी?

लेखापाल ताईच पुढं बोलल्या : "ज्वारी उगवली नाही तर आपण लगेच दुबार पेरतो का? आधी माती उकरून बघतो. बी किडकं होतं, का ओल नव्हती, का पाखरांनी खाल्लं." मी लॅपटॉप बंद केला. त्या संदेशाचा मोबाईलवर फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी सोलापुरात एका दुरुस्तीवाल्या दादांकडे गेलो.

दादांनी काही टाकलं नाही, काही पुसलं नाही. आधी लॅपटॉपची मूळ सेटिंग उघडली. तारीख मागची. ते म्हणाले, आतला सेल संपलाय. लॅपटॉपच्या आत रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, तीन व्होल्टचा. चार्जर काढला तरी घड्याळ आणि मूळ सेटिंग तो लक्षात ठेवतो. आपली मोठी बॅटरी मेलेली, त्यात हा सेलही संपला. चार्जर काढला की लॅपटॉप सगळं विसरायचा. असंच विसरताना त्याची सुरू व्हायची पद्धतच बदलली.

सुरू व्हायच्या दोन पद्धती असतात. जुनी, तिला लेगसी म्हणतात. नवी, तिला यूईएफआय म्हणतात. आपली डिस्क नव्या पद्धतीनं आखलेली, तीच जीपीटी. लॅपटॉप मात्र जुन्या पद्धतीनं दार उघडायला बघत होता. कुलूप चांगलं, घर चांगलं, किल्ली चुकीची. म्हणून डिस्क सापडत नव्हती, आणि म्हणूनच पेन ड्राइव्हवरून विंडोजही बसत नव्हतं. दोन्ही अडचणींचं मूळ एकच.

दादांनी सेल बदलला, सेटिंगमध्ये लेगसीचं यूईएफआय केलं, पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप चालू केला. आपलंच जुनं विंडोज उघडलं. सगळे तक्ते जागच्या जागी. नवीन टाकायची गरजच नव्हती. मी अडले म्हणून आपण वाचलो.

आता तुम्ही काय लक्षात ठेवायचं ते सांगते.

एक. लॅपटॉप बंद पडला तर आधी तारीख बघा. ती मागं जात असेल तर सेल तपासून घ्या.

दोन. चुकीचा संदेश आला की त्याचा फोटो काढा. 'काहीतरी इंग्रजी आलं होतं' एवढ्यावरून कुणालाही दुरुस्ती करता येत नाही.

तीन. विंडोज खरंच टाकायचं असेल आणि जीपीटीवरून अडलं, तर पेन ड्राइव्ह यूईएफआय पद्धतीनं सुरू करा. सुरुवातीच्या यादीत पुष्कळदा एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो. ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो निवडा.

चार. डिलीट आणि फॉरमॅट ही बटणं एकटीनं दाबायची नाहीत. दोघींच्या सहीशिवाय आपण बँकेतून पैसे काढत नाही, तसंच हे.

पाच. दर बैठकीनंतर तक्त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची, आणि तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायचा नाही, दुसऱ्या ताईंच्या घरी ठेवायचा.

अजून एक. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते, ती आपल्या जुन्या लॅपटॉपमध्ये नाही. म्हणून तो भंगारात घालायचा का? नाही. लिनक्स मिंट नावाची मोफत प्रणाली दोन जीबी रॅमवरही चालते, चार असेल तर बरी चालते. ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, डिस्कला हात न लावता. त्यात लिबरऑफिसमध्ये आपले तक्ते उघडतात, मराठी टाइप होतं. पुढच्या महिन्यात आपण तशी चालवून बघू. पटली तर ठराव करू, आणि आधी दोन प्रती काढू. मगच बसवू.

आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नियमित नोंदींचं आहे. नोंद लिहिणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ती राखणं. त्या दिवशी ती मी राखली नाही ताईंनो, लेखापाल ताईंच्या एका प्रश्नानं राखली. तेव्हा शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारायला लाजू नका. मलासुद्धा.