दूध उतू गेलं होतं का?

श्रोतेहो, विषय दिलाय ‘मानसिक आजारांच्या निदानातलं नवं संशोधन’ आणि मिनिटं दिली आहेत सहा. तेव्हा मी एकच आजार घेते, बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी त्याच्या उलट उन्माद, आणि त्यातलीही एकच गोष्ट. ओपीडीत ती रोज घसा बसेपर्यंत सांगते, आज माइकवरून सांगते.

डिप्रेशन म्हणून पेशंटला आणतात. घरचे सांगतात, झोपून असतो, जेवत नाही, कामावर जात नाही. मी विचारते, कधी याच्या उलट झालं होतं का? रात्री तीन तास झोपूनही सकाळी टवटवीत, बोलणं थांबेना, चार धंदे एकदम काढायचे बेत, कर्ज काढून खरेदी? यावर आई म्हणते, ‘छे हो डॉक्टर, तेव्हा तर अगदी छान होता!’ तेच ‘छान’ मला हवं असतं, आणि नेमकं तेच कुणी आपणहून सांगत नाही.

दुधाचं पातेलं डोळ्यांसमोर आणा. मी बाहेरून आलेली. पातेल्याला हात लावला, गार लागलं, म्हटलं गॅस मोठा करा. घरातली बाई म्हणेल, अहो थांबा, मघाशीच उतू गेलंय, शेगडी बघा! बायपोलरमध्ये अगदी हेच होतं. पेशंट माझ्याकडे येतो तो पातेलं गार असताना. मी नुसती नैराश्याची गोळी सुरू केली, म्हणजे गॅस मोठा केला, तर काहींचं दूध पुन्हा उतू जातं; उन्मादाचा झटका येतो. म्हणून उतू गेल्याचे डाग मला दाखवा. ते पुसून, शेगडी चकचकीत करून दवाखान्यात येऊ नका.

लगेच प्रश्न येतो, ‘मग एमआरआय काढा ना, रक्त तपासा ना.’ काढते, पण थायरॉइडचा दोष किंवा मेंदूतला दुसरा आजार नाही ना, एवढं बघायला. बायपोलर आहे असं एमआरआयच्या फिल्मवर दिसत नाही.

संशोधन मात्र चाललंय, आणि जोरात चाललंय. केंब्रिज विद्यापीठात सबीन बान यांच्या गटानं बोटाला टोचून कागदावर घेतलेले रक्ताचे वाळके थेंब तपासले. तपासलेली माणसं डिप्रेशनचं निदान झालेली होती, आणि त्यातल्या काहींना मुळात बायपोलर होतं. २०२३ साली निष्कर्ष छापून आला. नुसत्या रक्तावरून फार तर तीस टक्के बायपोलर रुग्ण ओळखू येतात. प्रश्नावलीची जोड दिली की निदान जास्त नेमकं होतं. आणि त्या प्रश्नावलीत काय विचारतात? झोप, उत्साह, बडबड, बेत. म्हणजे पुन्हा तेच, दूध उतू गेलं होतं का!

जनुकांचंही तसंच. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रचंड अभ्यास आला, दीड लाखांहून जास्त बायपोलर रुग्णांचा. जनुकसंचात आजाराशी नातं सांगणाऱ्या २९८ जागा सापडल्या. पण एकेका जागेचा वाटा चिमूटभर. त्यावरून तुमच्या मुलाला बायपोलर आहे की नाही, हे आज कुठलीच लॅब सांगू शकत नाही. कुणी तशी टेस्ट विकायला आलं, तर पैसे खिशातच ठेवा.

आजार सुरू झाल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत सरासरी सहाएक वर्षं जातात, असं जगभरचे अभ्यास एकत्र मांडल्यावर दिसलं. सहा वर्षं! त्यात कॉलेज सुटतं, लग्न मोडतं, नोकरी जाते. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय पाहणी केली. तीत बायपोलरच्या दहातल्या सात रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. मोठा उन्माद आला, माणूस रस्त्यावर भाषणं द्यायला लागला, की घरचे आणतातच, क्वचित आधी मांत्रिकाकडे नेऊन मग आणतात. निसटतो तो सौम्य उन्माद. चार दिवस सलग टिकला तरी तो धरायचा असतो. पण तेव्हा माणूस कामाला वाघ झालेला असतो, घर हसतंखेळतं असतं, मग डॉक्टरकडे कोण जाणार?

निदानानंतर उपचारांतल्या लिथियम या औषधाबद्दलही थोडं बोलायचं होतं. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना ते देऊन पाहिलं, आणि आजही ते मागे पडलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रुग्णांच्या शरीरातल्या पेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवल्या. २०१५ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की त्या पेशी जरुरीपेक्षा जास्त उसळतात. ज्यांना लिथियम लागू पडलं होतं त्यांच्याच पेशी लिथियमनं शांत झाल्या, बाकीच्यांच्या नाहीत. म्हणजे गोळी कुणाला लागू पडेल हे आधीच कळायची शक्यता... पण हे सविस्तर सांगायला वेळ नाही, निवेदक घड्याळाकडे बोट दाखवताहेत.

मग परत पातेल्यापाशी येते, कारण काहींनी रेडिओ आत्ताच लावला असेल. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना एक वही न्या. किती साली कमी झोपेचे दिवस आले, किती दिवस टिकले, तेव्हा काय काय खरेदी झाली, कुणाशी भांडण झालं, एवढं लिहा. पेशंटला स्वतःला ते आठवत नाही, किंवा आयुष्यातले उत्तम दिवस म्हणून आठवतं. म्हणून बायकोनं, भावानं, आईनं सोबत यायचं. मावशीला किंवा आजोबांना असंच काही होतं का, तेही विचारून ठेवा. हा आजार घराण्यात उतरू शकतो. आणि हे ऐकून चालू असलेली नैराश्याची गोळी आपल्या मनानं बंद करू नका हं! डॉक्टरला वही दाखवा, बदल ते करतील. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि जाता जाता, लिथियम चालू असणाऱ्यांनी रक्तातली पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. निर्जळी उपास करायचे नाहीत, कडक उन्हात पाण्यावाचून राहायचं नाही. आणि डॉक्टरना विचारल्याशिवाय दुकानातून अंगदुखीची गोळी घ्यायची नाही, कारण अशा काही गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं. त्याचं कारण सांगायला आता वेळ उरला नाही.